पारा उडालेला आरसा

फिनेलबाईंना जिची शिसारी येत नाही अशी वस्तू जगात अजून तयार व्हायची आहे, असं धुलाईखान्यातले लोक म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर त्यांना या नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती, कारण बाई मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होत्या आणि कोणाला कुठे उभं करायचं हे त्यांच्या हातात होतं. मळक्या कपड्यांच्या गाड्या जिथे रिकाम्या होतात त्या दाराशी उभं राहणं ही तिथली काळ्या पाण्याची शिक्षा होती.

इतकी वर्षं लोकांचं रक्त, पू आणि ओकारी धुतल्यावर बाईंचं नाक मेलं असेल, असं नव्या माणसाला वाटे. मेलं कुठलं! उलट जास्तच तिखट झालं होतं. बसमध्ये दुसऱ्याच्या बसण्याने गरम झालेल्या सीटवर त्या टेकत नसत, उभ्या राहत. कोणाच्या घरी चहा घ्यायची वेळ आली तर कपाची कड ओठांना न लावता पिण्याची एक कला त्यांनी साधली होती, आणि ती बघणाऱ्याला फार अपमानकारक वाटायची. नवरा मात्र देवाने हुडकून दिला होता. हा गृहस्थ स्कूटरच्या किल्लीने कान कोरायचा, किल्ली पँटला पुसायचा आणि तीच किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवायचा. बाई ओकारी आवरत किल्ली उचलून गरम पाण्यात टाकायच्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दोघांपैकी कोणीही तसूभर बदललं नव्हतं.

धुलाईखान्यात बाईंचा एकच कायदा होता: आधी सोडा, मग चौकशी. गाडीतून जे काही पडेल ते अंगरखा असो, चादर असो की पडदा, पहिल्यांदा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याचं जहाल मिश्रण. कापड कसलं आहे, रंग जातो का, हे प्रश्न नंतर. "घाण थांबत नाही, मग आपण का थांबायचं?" असं त्या विचारत. यात कधी एखादा रेशमी गाऊन आटून बाहुलीचा व्हायचा, पण बाईंना त्याचं सोयरसुतक नसे. आटला तरी स्वच्छ होता ना!

अशा बाईला आकाशाचं वेड असेल असं कोणाला वाटलं नसतं. पण खोलात गेलं तर त्यात नवल नव्हतं. जिथे कोणाचा हात पोचत नाही अशी तेवढीच एक जागा उरली होती.

हे वेड लावलं थोरल्या भावाने. दादाने तरुणपणी स्वतः दुर्बीण बनवली होती. मागच्या अंगणात एका पिंपावर काचेची जाड तबकडी ठेवून, दुसरी काच तिच्यावर घासत, पिंपाभोवती तो महिनोन्‌महिने घाण्याच्या बैलासारखा फिरला. बाई तेव्हा शाळेत होत्या. दुर्बीण तयार झाल्यावर त्यांना मानाची दोन कामं मिळाली: बॅटरी धरणं आणि नळीच्या बुडाशी बसून आरशाचे स्क्रू फिरवणं. दादा वर डोळा लावून हुकूम सोडायचा. "डावीकडे. अगं तुझी डावी नव्हे, माझी!" तो पोटभर बघायचा, आणि ग्रह सरकत सरकत कडेला गेला की म्हणायचा, "हं, बघ आता." बाई डोळा लावेपर्यंत तो गेलेला असायचा. शिवाय दादा लोणी लावलेला पाव खात खात बघायचा, त्यामुळे भिंगाच्या कडेला लोणी. एकदा बाईंनी ते फ्रॉकने पुसलं तर डोक्यात टपली बसली. "भिंगाला हात लावायचा नाही! तुला कुठे त्यातलं कळतंय!" पुढे लग्न ठरल्यावर दादाने ती दुर्बीण परस्पर विकून टाकली. बहिणीला विचारलंही नाही. विचारायचं कशाला, तिला कुठे त्यातलं कळत होतं!

त्यानंतर बाईंनी मान वर केली नाही. नोकरी, संसार, मुलीचं लग्न यात दिवस गेले. एका संध्याकाळी त्या इस्पितळाच्या छपरावर वाळत घातलेल्या चादरी बघायला गेल्या. पश्चिमेला एक ठिपका लकलकत होता आणि तो कोणता ग्रह हे बाईंना सांगता येईना. एके काळी सगळ्या आकाशाची नावं तोंडपाठ असलेली पोर आता चादरींच्या रांगेत तोंड वासून उभी होती. स्वतःची एवढी किळस त्यांना आधी कधी आली नव्हती.

म्हणून त्या एका आकाशप्रेमी मंडळाच्या बैठकीला गेल्या. तिथे वाचनालयाच्या कोंदट खोलीत दहाबारा पुरुष आपापल्या दुर्बिणीच्या व्यासाचे आकडे एकमेकांना ऐकवत होते, दुसरा विषय नाही. एकाच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता आणि त्याला नेमकं बाईंच्या कानाशी बोलायचं होतं. "तुम्हाला छोटीच बरी पडेल मॅडम, उचलायला हलकी," असं म्हणून त्याने मोबाईलवरचे फोटो दाखवले आणि दाखवताना पडद्याला थुंकीचं बोट लावलं. बाहेर आकाश निरभ्र होतं, पण एकानेही खिडकी उघडली नव्हती. बाई घरी येऊन अंघोळ करूनच जेवायला बसल्या.

दुर्बीण शेवटी मिळाली ती एका निवृत्त दंतवैद्याकडे. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घासून देणाऱ्या या माणसाचे स्वतःचे दात बघून बाईंनी पहिल्यांदा नजर फिरवली. दुर्बीण त्याने संडासाशेजारच्या अडगळीत ठेवली होती. माणसाच्या छातीएवढी उंच नळी, सहा इंची आरसा, खाली लाकडी बैठक. आत बघितलं तर जळमटं, पालीच्या लेंड्या, एका झुरळाचा सुटा पाय, आणि तळाशी आरशावर राखाडी बुरशीचे ठिपके. मध्यभागी कोणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा ठसा. दंतवैद्याने नळीत तोंड घालून "फू" केलं, त्याबरोबर चार शिंतोडेही आत गेले.

"आरसा पुसायच्या भानगडीत पडू नका हं," तो म्हणाला. "धूळ असली तरी दिसतं सगळं."

या माणसाला दातही घासायची गरज वाटत नसणार, असं बाई मनात म्हणाल्या. चांगला सल्ला घाणेरड्या तोंडातूनही येऊ शकतो हे त्यांच्या गणितातच नव्हतं. त्यांनी दुर्बीण जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणली.

"लोक शनी मागे लागू नये म्हणून धडपडतात," नवरा म्हणाला, "आणि तू आपणहून त्याच्या मागे लागलीस!"

घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती आणि तिचं दार गच्चीवर उघडत होतं. मुलगी सासरी गेल्यापासून ती रिकामीच होती. बाईंनी ती घासूनपुसून दुर्बिणीसाठी तयार केली. आता कोणी हुकूम सोडणार नाही, कोणी टपली मारणार नाही, आपल्या दुर्बिणीला आपलाच डोळा. आणि त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. दादाला पक्षाघात होऊन वर्ष झालं होतं. वहिनीला लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचं होतं. दोनच महिने दादाला ठेवून घ्याल का?

दादा चाकांच्या खुर्चीतून त्या खोलीत आला आणि दुर्बीण चादरीत गुंडाळलेल्या अवस्थेत गच्चीच्या कोपऱ्यात गेली.

आता दादाबद्दल स्पष्टच बोलायला हवं, कारण बाई स्पष्टच बोलत. दादाच्या तोंडाची उजवी बाजू लोंबली होती आणि तिथून अखंड लाळ गळत असे. सूप भरवलं की निम्मं हनुवटीवरून गळ्यातल्या फडक्यावर यायचं. लाळ आणि सूप यांची जी तार लोंबायची ती बाईंना बघवत नसे. सकाळी अंघोळ घालायला एक माणूस येई. संध्याकाळचं भरवणं बाईंकडे होतं. ते त्या लाल रबरी हातमोजे घालून, मान दुसरीकडे करून, श्वास रोखून करत. सगळ्या गावची घाण धुणारी बाई सख्ख्या भावाच्या थुंकीपुढे हात टेकत होती. चादरीवरच्या घाणीला चेहरा नसतो, हा फरक होता. आणि दादा काही आजारपणाने देवमाणूस झाला नव्हता. डावा हात आणि एकेक शब्द एवढंच उरलं होतं, पण तेवढ्यातही तो नावं ठेवायचा. "खारट." "गार." "उशीर." बाकी सगळ्याला "नको."

दोन महिने संपत आले तेव्हा वहिनीचा पुन्हा फोन. ती आता येणारच नव्हती. लेकीकडेच राहणार होती. "त्यांच्यासाठी एक शुश्रूषागृह बघितलंय. गाडी पाठवतील. नाहीतर... तुमच्याकडेच राहतील का?"

बाईंनी नवऱ्याला विचारायचीही वाट बघितली नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही जमणार."

त्या शुश्रूषागृहाचं नाव वहिनीने आधीच सांगितलं होतं आणि ते बाईंना चांगलंच ठाऊक होतं. तिथले कपडे धुवायला त्यांच्याच धुलाईखान्यात येत. चादर बघून कोण किती वेळ तसाच पडून होता हे बाई सांगू शकत. ताजा डाग वेगळा, वाळलेला वेगळा, वाळल्यावर पुन्हा भिजलेला वेगळा. त्या जागेच्या चादरींवर तिसऱ्या प्रकारचे डाग असत. हे सगळं माहीत असून त्यांनी "नाही" म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा पुसला. मग परत पुसला.

गाडी सोमवारी सकाळी येणार होती. दादाला अजून कोणी सांगितलं नव्हतं. नवरा म्हणाला, "तू सांग, तुझा भाऊ आहे." बाई म्हणाल्या, "उद्या सांगू." असे दोन-तीन उद्या गेले आणि रविवार उजाडला.

रविवारी संध्याकाळी चंद्र शनीच्या अगदी जवळ येणार होता, म्हणजे शनी शोधायला आंधळ्यालाही अडचण नव्हती. दादा जायची वाटसुद्धा न बघता बाईंनी दुपारीच दुर्बीण उघडली. दादाला हवेवर म्हणून गच्चीत आणून ठेवलं होतं. तो खुर्चीतून टक लावून बघत होता.

बाईंनी नळी झाडली, पुसली, लेंड्या काढल्या, झुरळाचा पाय चिमट्याने उचलून तो चिमटाही फेकून दिला. मग नळीच्या बुडाचे स्क्रू सोडून आरसा बाहेर काढला. उजेडात तो आणखीच ओंगळ दिसला. बुरशी, अंगठा आणि दंतवैद्याचे वाळलेले शिंतोडे. या घाणीतून गेलेला उजेड आपल्या डोळ्यात घ्यायचा? बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी टबात गरम पाणी ओतलं आणि धुलाईखान्यातून आणलेल्या डब्यातला सोडा त्यात ढवळला.

"नको," दादा म्हणाला.

बाईंनी लक्ष दिलं नाही. तो सदऱ्यालाही नको म्हणायचा आणि सुपालाही. त्यांनी टब त्याच्या खुर्चीजवळ सरकवला आणि हातमोजे घ्यायला वाकल्या, तेवढ्यात त्याने डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. त्याच हाताने त्याने आत्ताच तोंड पुसलं होतं. गार, बुळबुळीत बोटं. लाळेचा एक धागा त्यांच्या मनगटापासून त्याच्या मांडीपर्यंत ताणला गेला.

"शी! शी! सोड!" बाई किंचाळल्या. हात हिसडून त्या आत पळाल्या आणि मनगट साबणाने खसाखसा घासून आल्या. आल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे ढकलली, चाकांना खीळ लावली, हातमोजे चढवले आणि आरसा टबात सोडला.

आरशावर बारीक बारीक बुडबुडे धरले. धुलाईखान्यात बुडबुडे म्हणजे मळ सुटल्याची खूण. "बघ," बाई भावाला म्हणाल्या, "किती घाण निघतेय बघ!" दादाने डोळे मिटून घेतले. पाणी राखाडी झालं, तशा बाई आणखी खूश झाल्या. थोडं भिजू दे म्हणून त्या आत जाऊन चहा पिऊन आल्या.

परत येऊन त्यांनी आरसा उचलला. आणि त्या आरशातून त्यांना स्वतःचा लाल हातमोजा दिसला.

त्यांनी तबकडी फिरवली. या बाजूने धूसर लाल, त्या बाजूनेही धूसर लाल. डाग नव्हता, बुरशी नव्हती, अंगठा नव्हता. पाराही नव्हता; पारा म्हणतात तो ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा सोड्याने खाऊन टाकला होता. हातात राहिली होती ती स्वच्छ, निर्मळ, बिनकामाची काच. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू एवढी स्वच्छ झाली म्हणून बाईंना मळमळलं. त्या तिथेच सांडलेल्या पाण्यात धपकन बसल्या.

नवरा आवाजाने बाहेर आला. त्याने काच बघितली, टब बघितला. "पातेल्यावर झाकायला होईल," असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि बायकोचा चेहरा बघून लगेच आत गेला.

मग भिंतीकडून एक विचित्र आवाज येऊ लागला. भात्यातून वारा सुटावा तसा. दादा हसत होता. अर्ध्या तोंडाने हसत होता, खांदे गदगदत होते आणि लाळ उडत होती.

"हस!" बाई ओरडल्या. "हस पोटभर! तुझंच खरं झालं ना? मला कुठे त्यातलं कळतंय! हसून घे आत्ताच. उद्या गाडी आली की हस तिथे जाऊन!"

हसू थांबलं. "कुठे?" दादाने विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. बाईंनी खाली बघत सांगितलं. वहिनी येणार नाही, शुश्रूषागृहाची गाडी सकाळी येईल, व्यवस्था चांगली आहे. शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडात शिळ्या घासासारखं फिरलं.

दादाने डाव्या हाताने तोंड पुसलं. मग एकेक शब्द गोळा करत म्हणाला, "तिथले कपडे... तुझ्याकडे... येतात?"

"येतात," बाई म्हणाल्या.

"मग... माझी खबर... मिळत राहील."

तो टोमणा होता की नुसतं बोलणं होतं, हे बाईंना कळलं नाही. टोमणाच असणार. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ती चादर आली, तिसऱ्या प्रकारच्या डागाची, आणि या वेळी डाग कोणाचा हे त्यांना माहीत असणार होतं. त्यांना स्वतःची इतकी घाण वाटली की पळून जाऊन अंघोळ करून आलं तरी ती जाण्यातली नव्हती.

दादाने डावा हात काचेकडे केला. "लाव."

"काय लावू? डोंबल? पारा गेला सगळा!"

"लाव," तो चिडून म्हणाला. "चंद्राला... चालते. माझी... पहिल्यांदा... अशीच."

तेव्हा बाईंना आठवलं. घासून झालेली काच मुलामा द्यायला पाठवायच्या आधी दादाने एक संध्याकाळ ती तशीच दुर्बिणीत बसवली होती. नुसती काचही थोडा उजेड परत फेकते. चंद्रासारख्या लख्ख वस्तूला तेवढा पुरतो. त्या संध्याकाळी तो कोणालाही जवळ येऊ न देता एकटाच बघत बसला होता आणि बाईंना झोपायला पाठवलं होतं.

काच बसवायची म्हणजे ती सरळ बसली पाहिजे. एकाने वर डोळा लावायचा, दुसऱ्याने बुडाशी स्क्रू फिरवायचे. एकट्याने केलं तर वर-खाली धावून जीव जातो. नळीचं बूड नेमकं दादाच्या गुडघ्याशी येत होतं. बाईंनी खुर्चीची खीळ काढली, भावाला दुर्बिणीपाशी आणलं आणि स्वतः नळीच्या वरच्या टोकाशी जाऊन डोळा लावला. आत एक फिकट वर्तुळ दिसत होतं, कडेला सरकलेलं.

"डावीकडे फिरव," त्या म्हणाल्या. "अरे तुझी डावी नव्हे, माझी!"

हे वाक्य म्हणायला त्यांनी किती वर्षं वाट बघितली होती हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. दादा गुरगुरला, पण फिरवलं. त्याच्या त्या एका हाताच्या बोटांवरून स्क्रूवर लाळ गळत होती. बाईंनी ती बघितली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा डोळा लावला. वर्तुळ हळूहळू मध्यावर आलं.

सूर्य बुडाला. खालच्या मजल्यावरून कोणाच्या तरी तळणाचा खवट वास येत होता आणि शेजारच्या गटाराचा त्यात मिसळत होता. दक्षिणेला, घरांच्या वर, अर्धा चंद्र होता आणि त्याच्या बाजूला एक स्थिर पिवळट ठिपका. बाईंनी नळी चंद्राकडे वळवली.

चंद्र पुळ्यांनी, व्रणांनी, फुटून वाळलेल्या फोडांनी भरलेला होता. एखाद्या रोग्याची अशी पाठ दिसली असती तर बाईंनी मान फिरवली असती. पण नजर हलेना. पारा नसल्यामुळे उजेड डोळ्यांना खुपत नव्हता आणि एकेक खड्डा, त्यातली सावली, खड्ड्यातला खड्डा स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी नळी बोटभर सरकवली आणि शनी आत आला. मंद होता, धुरकट होता, पण कडं होतं. एवढंसं कडं, गोळ्यापासून सुटं, कशालाही न टेकलेलं. बाईंच्या डोळ्याला पाणी आलं आणि त्यांना त्याचा रागही आला, कारण पाण्यामुळे दिसेना. लहानपणी हाच त्यांच्या डोळ्यासमोरून निसटून जायचा. आता तो कडेला गेला की त्या नळीला हलकेच ढकलत आणि पुन्हा मध्ये आणत. पोटभर बघितलं त्यांनी. खाली दादा काही बोलला नाही.

न बोलणं हे दादाच्या स्वभावात बसत नव्हतं, म्हणून बाईंनी खाली बघितलं. तो त्यांच्याकडे नाही, वर आकाशाकडेही नाही, दुर्बिणीच्या डोळ्याकडे बघत होता.

"ये," बाई म्हणाल्या. "ये, बघ."

हे बोलणं सोपं होतं. त्यांनी खुर्ची वळवून जवळ घेतली, त्याला पुढे झुकवलं, पण मान थांबेना. डोकं एकदा छातीवर पडायचं, एकदा खांद्यावर. कोणीतरी जबडा धरायला हवा होता. सोड्याने माखलेले हातमोजे टबात पडले होते आणि ते चेहऱ्याला लावायचे नव्हते. बाईंनी उघड्या हातांनी भावाचा जबडा धरला. दाढीचे खुंट, ओली हनुवटी, गालाचं सैल कातडं. त्यांनी त्याचा डोळा भिंगावर आणला आणि दात आवळून उभ्या राहिल्या.

लाळ आधी त्यांच्या अंगठ्यावर आली. मग तळहातात साचली. मग मनगटावरून ओघळत बाहीत शिरली आणि कोपरापर्यंत गेली. कोमट होती. बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. त्यांनी मान वळवली, श्वास रोखला आणि हात काढला नाही, कारण दादा हलत नव्हता. शनी सरकला की त्या कोपराने नळी ढकलत आणि तो पुन्हा श्वास सोडे, एवढंच. खांदे भरून आले. माणसाने बघावं तरी किती! पण "बास" म्हणायला तोंड उघडलं असतं तर नको ते बाहेर आलं असतं.

शेवटी दादाने स्वतःच डोळा काढला.

"वाकडा," तो म्हणाला.

"काय वाकडा?"

"आरसा. वाकडा... बसलाय."

"स्क्रू तू फिरवलेस!"

"सांगितलंस... तू."

बाई त्याला नीट बसवून आत गेल्या. न्हाणीघरात जाऊन त्यांनी नळ सोडला आणि आधी भडाभडा ओकल्या. मग चूळ भरली, बाही वर केली आणि हात घासायला लागल्या. बोटांपासून कोपरापर्यंत, परत बोटांपासून.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "मी त्याचं सामान बांधून ठेवू का?" त्याने हळूच विचारलं. "सकाळी घाई नको."

"नका बांधू," बाई म्हणाल्या. "त्यांना फोन करा. गाडी पाठवू नका म्हणावं."

"अगं, पण तुला तर त्याची..."

"येते ना. किळस येते. आत्ताही येतेय, दिसत नाही का तुम्हाला?" त्या पुन्हा मोरीवर वाकल्या, पण पोटात काही उरलं नव्हतं. तोंड पुसून त्या म्हणाल्या, "त्याची चादर मी आमच्याकडच्या मळक्या कपड्यांच्या गाडीतून उतरलेली बघणार नाही."

"आणि दुर्बीण? ती कुठे ठेवायची?"

"त्याच्या खाटेशेजारी. नाहीतरी स्क्रू फिरवायला माणूस लागतोच."

मग त्यांनी साबण पुन्हा हातात घेतला, कारण कोपराला अजून चिकट लागत होतं.